आतली जागा, बाहेरची जागा

दुकानाच्या पाटीवर माझं नाव कधीच नव्हतं. पाटी दिराच्या, प्रकाशच्या नावाची होती आणि खाली लाल अक्षरांत ‘सर्व प्रकारचे मोबाइल दुरुस्त करून मिळतील’. पण चारकोपच्या सेक्टरांतून येणारी निम्मी गिऱ्हाइकं प्रकाशच्या टेबलाशी न थांबता आत डोकावून विचारायची, "रूटवाल्या ताई आहेत का?"

रूटवाली ताई म्हणजे मी. कुणाला पोळीभाजीवाली म्हणतात, कुणाला ब्लाउजवाली, तसं. सुरुवातीला राग यायचा. आता दुकान सुटलं, तशी हाक कुणी मारत नाही, आणि मीच कधी कधी बाजारात भाजी निवडताना उगाच मागे वळून बघते.

या कामात मी आले ती अशीच. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी सर्किटच्या पट्ट्यांवर सोल्डरचे टाके घालायचे. डोळ्यांना भिंग लावून आठ तास. तो कारखाना बंद पडला आणि मी घरी बसले. प्रकाश एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "वयनी, घरात बसान काय करतलंस? दुकानात चल." त्याचा हात फार चांगला. काच, बॅटरी, चार्जिंगचं तोंड, सगळं तो चुटकीसरशी बदलायचा. पण फोनच्या आतला, न दिसणारा बिघाड असला की हात वर करायचा. "त्या इंग्रजी ओळी बघून माझा डोक्या फिरता," म्हणायचा. मग ते माझ्याकडे आलं.

शिकवायला कोणी नव्हतं. इंटरनेटवर जगभरची माणसं आपापल्या फोनच्या खटपटी लिहून ठेवत, ते मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचे. सरावासाठी नवऱ्याचे दोन फोन घेतले आणि दोन्हींचा दगड केला. दगड म्हणजे फोन दिसायला धडधाकट, पण काही केल्या सुरू होत नाही. तिसरा फोन त्यानं घेतला तो लपवून ठेवला. तोपर्यंत मला जमायला लागलं होतं.

नवीन गिऱ्हाईक आलं की ठरलेलं बोलणं असायचं.

"ताई, भाऊ कधी येतील?"

"भाऊ इथेच आहेत. काच फुटलीय का?"

"नाही, काच नाही. ते, सॉफ्टवेअरचं…"

"मग बसा. ते मीच बघते."

माणूस बसायचा, पण फोन हातातून सोडायला दोन मिनिटं लावायचा.

रूट म्हणजे काय, हे तेव्हा मी दिवसातून चार वेळा सांगत असे. फोन तुमचा असतो, पण त्यातल्या काही खोल्यांना कंपनीनं कुलूप घातलेलं असतं आणि किल्ली तुम्हाला दिलेली नसते. ती किल्ली मिळवायची, म्हणजे फोन रूट करायचा. त्यात वॉरंटी जाते, आणि काम फसलं तर दगड. मग लोक कशाला करायचे? जागेसाठी. मुंबईत दुसरं कारण काय असणार?

त्या वेळच्या स्वस्त फोनांत आतली जागा अगदी तोकडी असायची. बाहेरून मेमरी कार्ड घालता यायचं, भलं मोठंसुद्धा, पण ॲप मात्र आतच बसायची. कार्ड रिकामं आणि फोन ओरडतोय, ‘जागा शिल्लक नाही’. रूट केल्यावर आतलं सामान कार्डावर हलवता यायचं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अख्ख्या फोनची जशीच्या तशी नक्कल काढता यायची. नंबर, निरोप, फोटो, ॲप, सगळं जिथल्या तिथे. त्याला आम्ही बॅकअप म्हणायचो. नियम एकच होता. बॅकअप आत ठेवायचा नाही, बाहेर कार्डावर ठेवायचा. आत ठेवला तर कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं.

आमच्या सेक्टरात एक काका होते. सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले, कायम इस्त्रीचा शर्ट. दर महिन्याला ते बॅकअप घ्यायला यायचे. त्यांची मेमरी कार्डं चष्म्याच्या डबीत, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर महिन्याचं नाव. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण.

"काका, महिन्याभरात फोनमध्ये काय बदललं?"

"काही नाही. तरी घे."

बॅकअप झाला की उठायचे नाहीत. "आता उघडून दाखव."

"काका, झालाय तो. इथे लिहून आलंय बघा."

"लिहून काय, मीही आयुष्यभर लिहिलं. उघडून दाखव."

मग मी एकेक फोटो उघडायचे. नातीचा फोटो, बायकोचा फोटो, विजेच्या मीटरचे चार फोटो. मागे रांग लागलेली असायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही. पण एकदा त्यांनीच एक कार्ड पकडलं. वर छापलेलं बत्तीस जीबी, आत जागा जेमतेम आठची. असली खोटी कार्डं तेव्हा सर्रास मिळायची. भरत राहा, कार्ड नाही म्हणत नाही. यादीत सगळ्या फाइलींची नावं दिसतात आणि उघडायला गेलं तर आत काही नसतं. त्या दिवसापासून मी काकांना वैतागले नाही. तरीही काकांची सवय काकांपुरतीच राहिली. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी उघडून दाखवत नसे. एवढा वेळ कुणाला होता? आणि माझा माझ्या हातावर विश्वास होता.

ललिता आली ती एका दुपारी. प्रकाश जेवायला घरी गेला होता. चोवीस-पंचवीसची, अंगणवाडी सेविकेची साडी, खांद्याला कापडी पिशवी. आरे कॉलनीतल्या एका वारली पाड्यावर राहायची आणि तिथल्याच अंगणवाडीत काम करायची. तिची मैत्रीण चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पॅकिंगला होती, तिनं माझं नाव सांगितलेलं. म्हणजे नाव नाही, रूटवाली ताई.

"ताई, कामाचं ॲप टाकायचंय. मुलांची वजनं त्याच्यातच भरायची आता. तो घेतच नाही. जागा नाही म्हणतो."

मी फोन बघितला. आतली जागा गच्च भरलेली, कार्ड जवळजवळ रिकामं.

"एवढं काय भरलंयस गं आत?"

"गाणी."

"गाणी काढून टाक की. परत मिळतील."

"ही नाही मिळत," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. वारल्यांचं लग्न बायका लावतात. त्यांना धवलेरी म्हणतात. त्या जोडीनं गातात आणि गाण्यांतूनच लग्न लागतं. ललिताची सोनीआत्या धवलेरी, आणि तिच्या जोडीला बुधीमावशी. ललिताच्या भावाच्या लग्नात दोघी दोन दिवस गायल्या आणि ललितानं ते फोनवर भरून घेतलं. चार तासांच्या वर. लग्नानंतर दोन महिन्यांत बुधीमावशी गेली.

"आत्या अजून आहे. पण जोडीदारीण नाही म्हणून आता कुणाकडे जात नाही. ताई, बाकी काही गेलं तरी चालेल. गाणी तेवढी जपा."

"काळजी करू नकोस," मी म्हणाले. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणायचे. "संध्याकाळी ये, तयार असेल."

गाणी आधी नुसती कार्डावर काढून ठेवता आली असती, पण बॅकअपमध्ये ती येणारच होती. फोन रूट झाला. बॅकअप घेताना तो कुठे ठेवायचा असं विचारलं, समोर नाव दिसलं ‘एसडी कार्ड’, मी त्यावर बोट ठेवलं. बॅकअप पूर्ण झाला असं लिहून आलं. मग जागेची नवी मांडणी करताना फोन अडला. पुढेही जाईना, मागेही येईना. असं झालं की आतली जागा पूर्ण पुसून कोरी करायची, नव्यानं सगळं बसवायचं आणि शेवटी बॅकअप परत ओतायचा. शंभर वेळा केलेलं काम. मी पुसलं. ‘खात्री आहे का?’ असं फोन विचारतो, तेव्हा मी ‘हो’ टाइप केलं. तीही सवयच.

मग कार्ड उघडलं. कार्डात काही नव्हतं.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना सांगते, माझी चूक काय झाली ती. त्या काळी काही फोनांत कंपनी आतल्याच जागेचा एक कोपरा वेगळा राखून त्याला ‘एसडी कार्ड’ असं नाव द्यायची; बाकीची जागा भरली तरी तो कोपरा रिकामा असायचा. खरं, बाहेरून घातलेलं कार्ड वेगळ्याच नावानं खाली कुठेतरी असायचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना मी हे समजावून सांगितलेलं होतं. त्या दुपारी मी नाव वाचलं आणि जागा बघितली नाही. बॅकअप आतच ठेवला आणि मग आतलं सगळं पुसलं.

प्रकाश जेवून आला तेव्हा मी नुसती बसले होते.

"काय झाला गो वयनी?"

मी सांगितलं. त्यानं फोन उलटसुलट केला, जणू मागून काही दिसणार होतं. "फोन जुनोच होतो," तो हळूच म्हणाला. "आपसूक बिघडलो म्हणान सांग. तिका काय कळतला?"

तो वाईट माणूस नाही. माझं तोंड बघून बोलला. पण मी काही फार बरी वागले असंही नाही. ललिता आली, पिशवीतून माझ्यासाठी पानात बांधलेली रानातली कंटोळी काढून टेबलावर ठेवली, आणि मी तिला म्हणाले, "थोडं काम राहिलंय गं. उद्या ये."

"गाणी आहेत ना?"

"उद्या ये," मी परत म्हणाले.

ती ‘बरं’ म्हणून गेली. ती एक रात्र तिनं विश्वासावर काढली, आणि ते मला आजही लागतं.

एक गोष्ट हातात होती. पाटी पुसली तरी खडूच्या रेघा अंधूक राहतात, तसं फोनमधलं पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मग जातं. म्हणून पुसलेला फोन सुरूसुद्धा करायचा नाही, सुरू होतानाही तो आत काहीबाही लिहीत असतो. आणि फोन रूट केलेला असेल, तर आतली ती कोरी दिसणारी जागा खरवडून, कण न् कण, बाहेरच्या कार्डावर उतरवता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तेच केलं. या वेळी कार्डाचं नाव तीनदा वाचलं. मग ते कार्ड संगणकाला लावून, हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम सुरू केला. दुपारपर्यंत तो शोधत होता. मी दुसरं काम घेतलं नाही. प्रकाशनं आलेली गिऱ्हाइकं परत लावली.

अकरा तुकडे मिळाले. चार तासांपैकी अकरा तुकडे, त्यातला सगळ्यात मोठा दोन मिनिटांच्या आत. बाकी खरखर.

ललिता आली. मी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. काय झालं, का झालं, कुणामुळे झालं. तिनं ऐकून घेतलं. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"ॲप टाकलं का?" तिनं विचारलं.

"टाकलं."

"उद्या वजनं भरायचीत." तिनं फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, "आत्याला मी काय सांगू? ती रोज विचारते, बुधीचा आवाज ठेवलायस ना म्हणून."

"तू नको सांगूस," मी म्हणाले. "मी येते."

रविवारी मी गेले. गोरेगावहून बस घेतली. तबेल्यांवरून शेणाचा वास येत होता, मग झाडी लागली. ललिता स्टॉपवर उभी होती. पायवाटेनं पाच-सात मिनिटांवर त्यांचं घर, कुडाचं, वर पत्रा. सोनीआत्या ओट्यावर वाल निवडत बसली होती. साठी ओलांडलेली, बारीक, हिरव्या लुगड्यातली. ललितानं तिला आधीच सांगून टाकलं होतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

"ये बाय, बस," ती म्हणाली. "पाणी पी आधी."

मी जे बोलायचं म्हणून बसमध्ये घोकलं होतं ते सगळं विसरले. "आत्या, माझ्या हातून चूक झाली," एवढंच म्हणाले.

"ती सांगली हिनं. जे राहिलं ते लाव."

मी छोटा स्पीकर नेला होता. पहिल्या तुकड्यात गाण्यापेक्षा कुत्र्याचं भुंकणंच जास्त. आत्या हसली, कुत्र्याला तिनं नावानिशी ओळखलं. दुसऱ्यात फक्त हसणं आणि भांड्यांचा आवाज. तिसऱ्यात गाणं नीट होतं, सव्वा मिनिटाचं. ते ऐकताना आत्यानं एकदम हात वर केला.

"थांब. इथं मी चुकलेली."

"काय?" ललिता म्हणाली.

"त्या गाण्याची ओळ या गाण्यात घातली. ऐकलं नाय? बरं झालं गेलं ते."

"मग तेव्हा का नाही बोललीस गं?"

"मांडवात चूक झाली म्हणून कोण थांबतं? बुधीनं सांभाळून घेतली."

मला हसू आलं आणि रडूही. वाटलं, चला, ही बाई रागावलेली नाही. मी पुढचे तुकडे लावत गेले. नववा लागला. त्यात आत्याचा आवाज नव्हता. दुसऱ्या एका बाईचा होता, जाडसर, थोडा घोगरा, ती एकटीच गात होती. अकरा तुकड्यांत हा एकच तसा. चाळीस सेकंदांचा.

आत्यानं सूप खाली ठेवलं.

"परत लाव."

मी परत लावला.

"परत."

सहा वेळा लावला. ती माझ्याकडे बघत नव्हती, ललिताकडेही नाही, समोरच्या जांभळीकडे बघत होती. सहाव्या वेळी संपल्यावर म्हणाली, "चार तास होती ना ती?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

थोड्या वेळानं मी पिशवीतून नवं कार्ड काढलं. "आत्या, तुम्हाला जमेल तेव्हा, जमेल तेवढं पुन्हा गा. मी भरून घेते. या वेळी काही होणार नाही."

"लगीन कुणाचं हाय?"

"लग्न नाही. नुसतं आपलं, राहायला हवं म्हणून."

"नवरा नाय, नवरी नाय, भिंतीवर लग्नाचा चौक लिहिलेला नाय. मी गायली नि देव आले, तर त्यांना काय सांगू? या बाईच्या डबीसाठी बोलावलं?" ती रागानं नव्हती बोलत. मी लहान मुलगी असल्यासारखं समजावत होती. "गाणी कुठं गेली नाय. माझ्यात हायेत. पण जोडीला दुसरी लागते. बुधी नाय, तर मी एकटी कशी जाऊ?"

मग ती ललिताकडे वळली. "तुला एवढी पाहिजेत, तर बस माझ्याजवळ. या बाईच्या मागं काय फिरतेस?"

"मला कुठे येतात?" ललिता म्हणाली.

"येत नाय म्हणून तर बस."

मी कार्ड परत पिशवीत टाकलं. निघताना आत्यानं मूठभर वाल पदरात घातले. ते घेताना मला फार लाज वाटली.

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला. काकांसारखं मी प्रत्येकाला बॅकअप उघडून दाखवायला लागले. रांग वाढायची, प्रकाश कुरकुरायचा, गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, आहे विश्वास, द्या ना." मी म्हणायचे, "विश्वास नको ठेवू रे. बघ." टीव्हीच्या सिरियलमध्ये काम करणाऱ्या एका मुलीनं तर कंटाळून फोन बंद करून ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही दुकान चालवता की परीक्षा घेता?" मी तिला शेवटचा फोटो उघडायला लावूनच सोडलं. काकांना मी झालेली गोष्ट सांगितली. ते काही शहाणपणाचं बोलले नाहीत. डबीतून एक कार्ड काढून म्हणाले, "हे चांगलं आहे, तपासलेलं. त्या मुलीला दे."

ललिता अधूनमधून यायची. फोनचं काही नसलं तरी यायची. पाठ करणं अवघड जातंय म्हणायची. आत्या बोलून सांगते, गाऊन नाही. चाल मग मनातल्या मनात लावायची, आणि ती चुकली की आत्या सूप आपटते. लिहून घेते म्हटलं, तर आत्या म्हणाली, मांडवात वही धरशील की अक्षता? एकदा ती दुकानात स्टुलावर बसून पुटपुटत होती आणि समोर चार गिऱ्हाइकं गप्प उभी. शेवटी एकानं मला विचारलं, "त्यांच्या फोनला काय झालंय?"

पुढच्या वैशाखात पाड्यावर एक लग्न निघालं. ललितानं मला बोलावलं. मी दोन फोन घेतले, दोन्हींत काकांसारखी तपासलेली कार्डं, शिवाय एक कार्ड वेगळं. सकाळी पोचले. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिणं चाललं होतं, आणि त्याच्यासमोर सोनीआत्या आणि ललिता शेजारी शेजारी बसल्या होत्या. ललितानं मला बघून मान हलवली, हसली नाही. मी दोन्ही फोन दोन बाजूंना ठेवले आणि भिंतीला टेकून बसले.

आत्यानं सुरू केलं. मला त्यातले शब्द फारसे कळले नाहीत, वारली बोली मला येत नाही. दोन आवाज कळत होते, एक मुरलेला आणि दुसरा त्याच्या मागून धडपडत येणारा. तासभर असंच चाललं. मग एका ठिकाणी आत्या ओळ म्हणून थांबली. पुढची ओळ ललिताची होती. ललिता गप्प.

चौक लिहिणाऱ्या बाईचा हात थांबला. मला वाटलं, आत्या सांभाळून घेईल, बुधीमावशीनं तिला घेतलं तसं. आत्यानं घेतलं नाही. ती ललिताकडे बघतसुद्धा नव्हती, मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. नवरदेवाच्या आईनं पुढे होऊन काही बोलायला तोंड उघडलं, तर आत्यानं बोट वर करून तिला थांबवलं.

आणि ललितानं ओळ उचलली. बारीक आवाजात, डोळे मिटून, पण बरोबर. बरोबर होती हे मला कसं कळलं? चौक लिहिणाऱ्या बाईचा हात परत चालू झाला.

लग्न लागेपर्यंत मी तिथेच होते. निघण्याआधी मांडवातच बसून दोन्ही रेकॉर्डिंग सुरुवातीपासून जागोजाग उघडून ऐकली आणि तिसऱ्या कार्डावर उतरवली. एक कार्ड ललिताला दिलं, एक आत्याला. आत्यानं ते बोटांत धरून बघितलं. "एवढंसं?" म्हणाली आणि सुपारीबरोबर पदराच्या टोकाला गाठ मारून टाकली.

पण बुधीमावशीचे चार तास परत आले नाहीत. ते मी घालवले. नंतर काय काय चांगलं झालं हे लोक मला समजावतात, ललितानंही समजावलं, पण हा हिशेब तसा जुळत नाही. चाळीस सेकंद राहिले, ते आत्या शेवटपर्यंत ललिताच्या फोनवर ऐकायची.

पुढे आमचं काम हळूहळू संपलं. फोनांत आत भरपूर जागा यायला लागली, काहींत तर कार्ड घालायची खाचच नाही. बॅकअप आपोआप कुठल्या कुठे आभाळात जातो. कुलुपं इतकी पक्की झाली की रूट करायला कुणी धजत नाही, आणि कुणाला गरजही नाही. माझे डोळेही थकले. एक दिवस संबंध दुपारभर माझ्यासाठी कुणीच आलं नाही, आणि संध्याकाळी प्रकाशनं न बोलता माझ्या टेबलावर काचांचे खोके रचले. मी घरी बसले. काका गेले. त्यांची चष्म्याची डबी त्यांच्या सुनेनं माझ्याकडे आणून दिली, कारण तिला त्यातलं काही उघडता येईना. मी सगळी कार्डं तिला उघडून दिली. प्रत्येकात मीटरचे फोटो.

सोनीआत्या दोन वर्षांपूर्वी गेली. आता आसपासच्या पाड्यांवर लग्न निघालं की ललिताला बोलावतात. तिची जोडीदारीण तिच्याच अंगणवाडीतली मदतनीस आहे, ललितानं तिला शिकवलं.

या उन्हाळ्यात ललिताचा फोन आला.

"ताई, रविवारी लग्न आहे. यायचं हं."

"येते की. नवा फोन घेतलाय, आवाज झकास भरतो. कार्ड पण…"

"नको," ती म्हणाली. "फोन घरी ठेवून या."

"का गं?"

"हल्ली मांडवात सगळेच फोन धरतात. मी काही बोलत नाही. पण तुम्ही समोर धरलात ना, की मला वाटतं, काही तरी जाणार आहे म्हणूनच ताई आल्यात. तुम्ही नुसत्या बसा. जेवून जा."

मी फोन कपाटात ठेवला आणि गेले. बसच्या वेळा विचारत विचारत गेले. मांडवात ललिताच्या जवळ बायकांनी मला जागा करून दिली आणि सकाळपासून ते वाढणं होईपर्यंत मी तिथे बसून होते. हात रिकामे, त्यांचं काय करायचं ते सुरुवातीला कळेना. मग एकीनं निवडायला तांदूळ दिले.

ललिता त्या दिवशी कुठेच अडली नाही. काय काय गायली ते मात्र विचारू नका. मला आठवतं तेवढंच माझ्याकडे आहे.